काढा हवाच, पण आधी धूर काढा!

गेल्या श्रावणात दापोली तालुक्यातल्या एका वाडीवर आमच्या गटाची बैठक होती. पाऊस मी म्हणत होता. ज्या काकींच्या पडवीत आम्ही बसलो होतो, त्या मधूनच उठून आत जात आणि खोकत बाहेर येत. शेवटी मीच उठून आत गेले. चुलीवर एक जुनं पातेलं, त्यात अडुळशाची पानं, चार मिरी, आल्याचा तुकडा. लाकडं भिजकी, नारळाची सोडणं दमट. सगळं स्वयंपाकघर धुरानं भरलेलं. काकी फुंकणीनं जाळ फुंकत होत्या, दोन फुंका मारल्या की खोकत होत्या आणि पुन्हा फुंकत होत्या. मी विचारलं, "काकी, कसला काढा?" त्या म्हणाल्या, "खोकल्याचा गो बाय. रातभर डोळ्याला डोळा नाय."

खोकल्याचं औषध धुरात उकळत होतं, आणि खोकला त्याच धुराचा होता. बैठकीत मग काय बोलणं झालं ते माझ्या लक्षात नाही, पण ते स्वयंपाकघर काही डोळ्यांसमोरून हलेना. सध्या जिकडेतिकडे वनस्पतींच्या अर्कांनी फुप्फुसाची सूज कशी कमी होते याबद्दल छापून येतं आहे. कोविडच्या साथीनंतर तर काढ्यांना पूरच आला. त्यातल्या कितीतरी पाल्या-मुळ्या आपल्या कुंपणावर आहेत आणि त्यांची माहिती आपल्या आया-आज्यांकडे आहे. तेव्हा या विषयावर आपण बायकांनी आपलं म्हणणं मांडायला हवं. मी वैद्य नाही, शास्त्रज्ञही नाही. बायकांच्या गटांबरोबर वाड्यावाड्यांवर फिरणारी एक कार्यकर्ती आहे. जे पाहिलं आणि वाचलं, त्यावरून लिहिते आहे.

आधी अडुळशाबद्दल. कोकणात कुंपणाला अडुळसा लावायची पद्धत जुनी आहे, कारण शेरडं त्याला तोंड लावत नाहीत. कडू जहर पाला! पण खोकला झाला की तोच पाला आधी आठवतो. पानं वाफवून किंवा तव्यावर गरम करून रस पिळायचा, मधातून चाटवायचा. कुणी त्यात पिंपळी घालतं, कुणी ज्येष्ठमध. आमच्या आईचा एक नियम होता. वाडीतली कुणी पोटुशी बाई काढा मागायला आली, तर आई तिला परत पाठवायची. "तुला नाय हो, तू तुळशीची पानं चाव," म्हणायची. का, ते तिला सांगता येत नव्हतं. तिच्या सासूनं सांगितलं होतं, एवढंच.

त्या 'का'चं उत्तर मला खूप वर्षांनी मिळालं. अडुळशाच्या पानात व्हॅसिसिन नावाचं एक द्रव्य असतं. जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेत १९८० च्या सुमारास त्यावर बरंच काम झालं आणि ते गर्भाशयाचं आकुंचन घडवतं असं दिसून आलं. म्हणजे पोटुशीला ते न देण्याचा नियम अगदी रास्त होता. तो प्रयोगशाळेत कळायच्या कितीतरी आधी आमच्या परसदारी पाळला जात होता. त्याला कुणी शास्त्र म्हणत नव्हतं, बायकांच्या खुळचट समजुती म्हणत होते. आणि आज? अडुळशाचा पाला छापलेल्या कितीतरी बाटल्या दुकानातून सर्रास मिळतात. गरोदर बाईनं त्या घ्याव्यात की नाही, हे गावातल्या दुकानात कोण सांगतं? वाडीवरच्या बाईला ते बारीक अक्षर वाचता येतं का? आमच्या आजीनं सुनेला सांगितलेली गोष्ट बाटलीबरोबर विकली गेली नाही.

याच व्हॅसिसिनच्या धाग्यावरून रसायनशास्त्रज्ञांनी ब्रोमहेक्झिन हे औषध तयार केलं. १९६३ साली एका जर्मन कंपनीनं ते बाजारात आणलं. घट्ट कफ पातळ करून सुटायला मदत करणारं हे औषध आजही खोकल्याच्या कितीतरी बाटल्यांत असतं. त्याचंच भावंडं म्हणावं असं अँब्रॉक्सॉलही तुम्ही डॉक्टरांच्या चिठ्ठीवर वाचलं असेल. म्हणजे आपल्या कुंपणावरचा पाला जगभर फिरून, कारखान्यातून, रंगीत होऊन आपल्याच घरी परत आला आहे.

पुढचं संशोधन फुप्फुसाच्या सुजेवरचं. दिल्लीच्या जनुकशास्त्र आणि समग्र जीवशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०२१ साली एक निबंध प्रसिद्ध केला. या कामात डॉ. मिताली मुखर्जी आणि डॉ. भावना पराशर या दोघी शास्त्रज्ञ पुढे होत्या, हे मुद्दाम नोंदवते. अडुळशाच्या पाण्यात काढलेल्या अर्कानं उंदरांच्या फुप्फुसातली सूज कमी झाली, आणि प्राणवायू कमी पडल्यावर पेशींमध्ये जी गडबड उडते तीही कमी झाली, असं त्यांना आढळलं. वाचून मला आनंद झाला. पण नीट वाचा, मैत्रिणींनो: उंदरांच्या! उंदराला बरं वाटणं आणि चाळीस वर्षं चुलीपुढे बसलेल्या बाईला बरं वाटणं यांत फार मोठं अंतर आहे. ते अंतर माणसांवरच्या नीट चाचण्यांनीच कापता येतं. त्या झाल्याशिवाय "अमुक पाल्यानं फुप्फुसं साफ होतात" असं छातीठोकपणे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

आता मुळाशी येते. ही सूज आपल्या बायकांच्या फुप्फुसात येते कुठून?

माझी आई शेवटची काही वर्षं दम्यासारख्या आजारानं हैराण होती. एका डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "मिश्री लावता का? विडी ओढता?" आई नाही म्हणाली. मग त्यांनी कफाची बाटली लिहून दिली. स्वयंपाक कशावर करता, हे काही विचारलं नाही. फुंकर मारून फुप्फुसांची ताकद मोजायची तपासणी असते, स्पायरोमेट्री म्हणतात तिला. ती आईची कधी झालीच नाही. आमच्या घरी तोवर गॅस आलेला होता. पण त्यावर चहा व्हायचा आणि पाहुण्यांचं व्हायचं. रोजचा भात, भाकरी आणि सगळ्यांच्या आंघोळीचं पाणी चुलीवर. आई गेली. तिनं आयुष्यात विडी हातात धरली नव्हती.

खरं तर हा प्रश्न एका बाईनं फार पूर्वीच विचारला होता. डॉ. एस. पद्मावती या आपल्या देशातल्या पहिल्या स्त्री-हृदयरोगतज्ज्ञ. फुप्फुसं निकामी होत गेल्यानं हृदयावर ताण येण्याच्या आजाराचा त्यांनी दिल्लीत अभ्यास केला, तो १९५९ साली प्रसिद्ध झाला. तंबाखू न ओढणाऱ्या बायकांना हा आजार होतो, तोही कमी वयात, आणि त्यामागे स्वयंपाकाचा धूर असावा, हे त्यांनी त्यात मांडलं. त्यानंतर पन्नास वर्षांनी, २००९ मध्ये, पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. बार्न्स यांनी 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं की जगात तंबाखू ओढणारे सुमारे १०० कोटी, तर लाकूडफाटा-गोवऱ्यांच्या धुरात राहणारे सुमारे ३०० कोटी. तेव्हा श्वासनलिका कायमच्या अरुंद करणाऱ्या आजाराचं, म्हणजे सीओपीडीचं, जगातलं सर्वांत मोठं कारण हा धूरच असू शकेल. घरातल्या धुरानं २०२० या एका वर्षात ३२ लाख माणसं मेली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

धूर करतो काय, तेही समजून घेऊ. धुरातले अतिबारीक कण श्वासावाटे पार फुप्फुसाच्या टोकाच्या फुग्यांपर्यंत जातात. त्यांना हटवायला शरीर पांढऱ्या पेशी पाठवतं, तिथे दाह होतो, सूज येते, कफ वाढतो. एक दिवसाचा धूर असेल तर हे निवळतं. पण रोज दोन्ही वेळा, वर्षानुवर्षं तेच चालू राहिलं तर सूज निवळायला उसंतच मिळत नाही. नळ्यांच्या भिंती जाड होतात, वाट अरुंद होते, फुग्यांचा ताण जातो. हे नुकसान मग भरून येत नाही. इनहेलरनं वाट थोडी मोकळी राहते, पण तो तरुण मुलगी लपवून ठेवते, कारण "दमेकरी पोरगी कोण करून घेणार?"

आणि कोकणातल्या बाईच्या वाट्याला एकट्या चुलीचा धूर येत नाही. उन्हाळ्यात भातरोपांसाठी राब भाजायचा, त्याचा पातेरा गोळा करणारी आणि पेटवणारी बरेचदा बाईच. काजूच्या बिया भाजताना डोळ्यांत-घशात झोंबणारा धूर, तिथेही बाईच. संध्याकाळी मच्छरांची कॉइल लावतो. एका कॉइलच्या धुरात ७५ ते १३७ सिगारेटींइतके बारीक कण असतात असं २००३ सालच्या एका अभ्यासात आढळलं होतं. हा सगळा धूर एकाच छातीत जातो. तिला कपभर काढा पुरा पडेल का?

म्हणूनच मला या विषयावरच्या दोन्ही टोकांच्या बोलण्याचा राग येतो. एक बाजू म्हणते, हे झाडपाल्याचे उद्योग म्हणजे अडाणीपणा. त्यांना विचारावं, ब्रोमहेक्झिन आलं कुठून? दुसरी बाजू म्हणते, आपल्या आजीबाईच्या बटव्यात सगळं आहे, झाडपाल्याचा अपाय होतच नाही. त्यांना सांगावं, मुंबईतल्या डॉ. आभा नागराल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ साली गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं नोंदवलं. आयुष मंत्रालयाला ते मान्य नव्हतं, वाद झाला. वाद व्हावाच, पण तो तपासण्यांच्या आधारानं व्हावा. दम्यावर 'हमखास' म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्यांत चक्क स्टेरॉइड मिसळलेलं सापडलेलं आहे. बाईला दोन दिवसांत बरं वाटतं, ती तीच पुडी वर्षभर घेते आणि हाडं ठिसूळ होतात, साखर वाढते. बटव्याचं कौतुक करणारे कौतुक करून निघून जातात, परिणाम भोगते ती बटवेवाली.

आपल्या चळवळीनं यातून वेगळी वाट काढून दाखवलेली आहे, हे नव्या मैत्रिणींना कदाचित ठाऊक नसेल. १९८० च्या दशकात देशातल्या वेगवेगळ्या भागांतल्या कार्यकर्त्या 'शोधिनी' या नावानं एकत्र आल्या. गावोगावच्या बायकांकडून वनस्पतींची माहिती घ्यायची, ती पडताळायची, आणि ती माहिती बायकांकडेच परत न्यायची, असं काम त्यांनी केलं. १९९७ साली 'काली फॉर वुमन'नं त्यांचं पुस्तक काढलं. आंधळा विश्वास नाही आणि तुच्छताही नाही, ही त्यांची रीत मला आजही रास्त वाटते.

आता हक्काचा प्रश्न. दक्षिण आफ्रिकेतल्या एका जिरॅनियमच्या मुळीचा अर्क युरोपात छातीच्या दुखण्यावर मोठ्या प्रमाणावर खपतो. तिथल्या लोकांना ती मुळी पिढ्यान् पिढ्या माहीत होती. अर्क काढण्याच्या पद्धतीवर एका जर्मन कंपनीनं पेटंट घेतलं, तेव्हा अॅलिस नावाच्या गावच्या लोकांनी तिथल्या एका संघटनेच्या मदतीनं आव्हान दिलं आणि जानेवारी २०१० मध्ये युरोपीय पेटंट कार्यालयानं ते पेटंट रद्द केलं. आपल्याकडे हळदीचं प्रकरण सर्वांना आठवत असेल: १९९५ साली अमेरिकेत जखमेवरच्या हळदीचं पेटंट दिलं गेलं, डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असलेल्या सीएसआयआरनं ते लढवलं आणि १९९७ साली ते रद्द झालं. तो विजय महत्त्वाचा होता. पण तेव्हा पुरावा म्हणून काय मांडावं लागलं? जुने ग्रंथ आणि छापील निबंध. रोज हळद लावणाऱ्या बाईचा शब्द पुरावा म्हणून चालत नव्हता.

आणि आपला कायदा? २००२ च्या जैवविविधता कायद्यानं लाभात वाटा द्यायची तरतूद आणली. पण २०२३ च्या दुरुस्तीनं, ग्रंथांत नोंदलेलं पारंपरिक ज्ञान वापरणाऱ्या देशी कंपन्यांना त्यातून सूट मिळाली. अडुळसा तर 'वासा' नावानं ग्रंथांत आहेच. म्हणजे गंमत पाहा: ग्रंथात असेल तर ते सर्वांना फुकट, आणि ग्रंथात नसेल तर ती बायकांची सांगोवांगी! दोन्हीकडून बाईचा हात रिकामाच. तरीही या कायद्यात एक धागा आपल्या हाती आहे. प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायची आहे, तिच्यात किमान एक-तृतीयांश स्त्रिया असायच्या आहेत आणि तिनं गावाची लोक जैवविविधता नोंदवही करायची आहे. तुमच्या गावची नोंदवही कुणी पाहिली आहे का? ती लिहिताना कुठल्या बाईला विचारलं होतं? पोटुशीला अडुळसा नको, ही ओळ तिच्यात आहे का?

आणि शेवटी धूर. १९८३ पासून २००२ पर्यंत सरकारचा निर्धूर चुलीचा कार्यक्रम होता. चुली बसवल्या गेल्या, पण किती टिकल्या हे तुमच्या गावात विचारा. २०१६ साली उज्ज्वला योजना आली, घरोघरी सिलिंडर आले. त्याचा फायदा झाला हे नाकारू नये. तरी २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ग्रामीण भागात ४३ टक्के घरांतच स्वयंपाकाला स्वच्छ इंधन होतं. आमच्याकडे सिलिंडर आहे, पण तो संपला की पुढचा कधी येणार हे पैसे ज्याच्या हातात आहेत तो ठरवतो. लाकूडफाटा फुकट, कारण तो आणणाऱ्या बाईची मेहनत कुणी मोजत नाही. बायकाही म्हणतात, "धुरानं वासे टिकतात, चुलीची भाकरी गोड लागते." वासे टिकतात खरे, पण वाशांखालची बाई टिकायला नको का?

दापोलीच्या मुरुडचे महर्षी कर्वे आपल्याला त्यांच्या स्त्री-शिक्षणाच्या कामामुळे माहीत आहेत. त्यांचे नातू डॉ. आनंद कर्वे यांनी १९९६ साली पुण्यात सुरू केलेल्या संस्थेनं सुधारित चुली आणि घरगुती बायोगॅसवर काम केलं, आणि पणती डॉ. प्रियदर्शिनी कर्वे या भौतिकशास्त्रज्ञ बाई चुलीच्या धुरावर अनेक वर्षं काम करत आल्या आहेत. बाईला पाटी देणारं आणि तिच्या चुलीचा धूर काढणारं काम मला एकाच वाटेवरचं वाटतं.

मग आपण करायचं काय? माझ्या मनात चार गोष्टी आहेत. एक, आपल्या गटांनी आपल्या वाडीतल्या खोकणाऱ्या बायकांची यादी करावी, कोण किती वर्षं कशावर स्वयंपाक करते ते लिहावं, आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन स्पायरोमेट्रीची सोय मागावी. दोन, आज्यांकडून वनस्पतींची माहिती लिहून घ्यावी. कशाला द्यायचं याबरोबर कुणाला द्यायचं नाही हेही. ती ग्रामसभेत नोंदवून घ्यावी. तीन, १९७२ पासून दापोलीत कृषी विद्यापीठ आहे, वनशास्त्र महाविद्यालय आहे. त्यांच्याकडे आपण मागणी न्यावी की बायकांच्या कुंपणावरच्या औषधींचा अभ्यास बायकांना बरोबर घेऊन करा, आणि निष्कर्ष मराठीत आमच्या हातात द्या. फुप्फुसाच्या सुजेवरच्या अर्काची चाचणी जेव्हा माणसांवर होईल, तेव्हा तिच्यात चुलीपुढे बसणाऱ्या बायका असायलाच हव्यात, आणि त्यांना समजावून, त्यांच्या संमतीनं. चार, घरातल्या सिलिंडरचा निर्णय बाईच्या हातात यावा. आंघोळीचं पाणी तापवायची चूल निदान घराबाहेर, उघड्यावर जावी. आणि तिच्यापुढे आळीपाळीनं घरातल्या सगळ्यांनी बसावं, पुरुषांनीसुद्धा. चार दिवस डोळे चुरचुरले की सिलिंडर आपोआप वेळेवर येईल असा माझा अंदाज आहे!

अडुळशावर माझा राग नाही. आईनं लावलेलं कुंपण अजून आहे, पावसात अंगभर वाढतं. खोकला झाला तर मीही त्याचा रस घेते. पण श्रावणातल्या त्या काकींना मी पुढच्या खेपेला काय सांगणार आहे, ते आता माझं ठरलं आहे. "काकी, काढा घ्या. पण तो गॅसवर उकळा. आणि तालुक्याच्या दवाखान्यात जायचं तर मी बरोबर येते."

तुमच्या गावात, तुमच्या गटात या बाबतीत काय अनुभव आहेत? कुणी नोंदवही केली आहे का, कुणी चुली बदलल्या आहेत का? जरूर लिहा. वेगळं मत असेल तर तेही लिहा.